रंग कोणता, ते तुम्ही ठरवा

कर्करोगातला थकवा झोपून जात नाही. दिवसभर भातलावणी केलेल्या बाईचा किंवा विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. किमो चालू असलेला माणूस दहा तास झोपून उठतो आणि दात घासून होईतो त्याला पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. केलेलं काम आणि आलेला थकवा यांचा मेळ न बसणं हीच या थकव्याची खूण, असं वैद्यकशास्त्रही मानतं. घरच्यांना मात्र हे लवकर उमगत नाही. ‘आज तर काहीच केलं नाहीस, तरी दमलीस?’ हा प्रश्न कुणी दुष्टपणाने विचारत नाही. पण ऐकणारीला त्यात आळसाचा आरोप ऐकू येतो, आणि मग ती उगाच उठून भाजी निवडायला बसते.

कारणं बरीच असतात आणि एकमेकांत गुंतलेली असतात. रक्त कमी झालेलं असतं. आजारामुळे आणि औषधांमुळे शरीरात दाह वाढवणारी रसायनं सुटतात, त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. किमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडने रात्रीची झोप उडते. मानेला शेक (रेडिएशन) दिला असेल तर पुढे कधीतरी थायरॉइड मंदावतं. दुखणं असतं, दुखण्यावरच्या गोळ्यांची गुंगी असते, तोंडाला चव नसते म्हणून पोटात अन्न नसतं. किमोनंतरचे काही दिवस माणूस पार गळून जातो, मग पुढच्या सायकलपर्यंत थोडी उभारी येते. शेकाचा थकवा वेगळा. तो आठवड्यागणिक साचत जातो आणि शेक संपल्यावरही काही काळ मुक्काम हलवत नाही.

थकव्याच्या जोडीला धास्ती असते, आणि तिचं वेळापत्रक तारखांवर चालतं. तुकडा तपासायला दिला त्या दिवसापासून रिपोर्ट येईपर्यंत, पेट स्कॅनच्या आदल्या रात्री, आणि सगळे उपचार संपून ‘आता तीन महिन्यांनी या’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ती सर्वांत जास्त असते. शेवटचं वाचून कदाचित नवल वाटेल. पण रोज कुणीतरी तपासत होतं, रोज काहीतरी चाललं होतं, ते एकदम थांबतं आणि माणूस आपल्या शरीराबरोबर एकटा उरतो. साधा खोकला आला तरी छातीत धस्स होतं. धास्तीने झोप जाते, झोप गेली की थकवा वाढतो, आणि थकलेल्या मनाला वाईट शक्यता अधिकच खऱ्या वाटू लागतात. या दोन त्रासांना वेगवेगळं करून औषध देणं म्हणूनच अवघड जातं.

या गुंत्यात चित्रकला काय करू शकते, हा या पुस्तकाचा विषय. रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक आणि रुग्णालयात वेळ देणारे स्वयंसेवक असे त्याचे वाचक असतील, असं गृहीत धरलं आहे. पुढच्या प्रकरणांत साहित्याची आणि कृतींची माहिती आहे. ती उघडण्याआधी या उपचाराकडून अपेक्षा कोणती ठेवावी, एवढं इथे सांगायचं आहे. चित्र काढल्याने गाठ वितळत नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. माझ्या मते चित्रकलेचं काम याहून लहान आहे आणि तरीही मोलाचं आहे. कर्करोग झाला की माणसाचं जवळपास सगळं दुसरे ठरवतात. औषध कोणतं, किती, कुठल्या तारखेला, कुठल्या शिरेतून, काय खायचं, कुणाला भेटायचं नाही. त्या सगळ्यात एक तास असा मिळतो की निळा घ्यायचा की भगवा हे फक्त तिने किंवा त्याने ठरवायचं असतं. या एका तासाचा थकव्याशी आणि धास्तीशी काहीतरी संबंध आहे, असं गेल्या वीसेक वर्षांचं संशोधन सुचवतं.

या उपचाराचा उगम कर्करोगाच्या वॉर्डात झाला नाही. एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाऊन चित्रं काढत असे. 1938 मध्ये तो क्षयाने आजारी पडला आणि ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल झाला. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी काही वर्षं होती. मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि महिनोन्‌महिने पडून राहणं हाच इलाज. हिल पडल्या पडल्या समोर दिसेल ते रेखाटू लागला. पुढे इतर रुग्णांना आणि युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांनाही त्याने कागद-पेन्सिल दिली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग त्याने 1942 मध्ये केला आणि 1945 मध्ये ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हे पुस्तक लिहिलं. पुढे मनोरुग्णालयांनी ही पद्धत उचलली आणि ती मनोविकारांचीच आहे असा समज रूढ झाला. पण मुळात ती जन्मली अंगात त्राण नसलेल्या आणि निकालाची वाट पाहत पडून राहिलेल्या माणसांमध्ये. म्हणून तिचं कर्करोगाच्या वॉर्डात येणं मला घरी परतण्यासारखं वाटतं.

अमेरिकेत याच सुमाराला मार्गारेट नॉमबर्ग आणि नंतर एडिथ क्रॅमर यांनी दोन वेगळ्या वाटा आखल्या. नॉमबर्गचा भर चित्रातून मनातलं वर येण्यावर आणि त्यावर बोलण्यावर होता; क्रॅमरच्या मते घडवण्याची क्रियाच बरं वाटायला लावते. विद्यापीठांत या वादावर बरीच शाई खर्च झाली आहे. सलाइन लावलेल्या माणसाच्या खाटेशेजारी बसलं की बहुतेक वेळा क्रॅमरचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं, एवढं माझं मत नोंदवून पुढे जातो.

आता पुरावा. 2006 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न मेमोरियल रुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोगाने दाखल असलेल्या 50 रुग्णांनी प्रशिक्षित कला-उपचारकाबरोबर प्रत्येकी एक तास घालवला. तासाआधी आणि तासानंतर त्यांना नऊ त्रासांबद्दल विचारलं गेलं: वेदना, थकवा, मळमळ, उदासी, धास्ती, गुंगी, भूक, एकूण बरं वाटणं आणि धाप. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. कॅनडातल्या एडमंटनमध्ये 1991 च्या सुमारास तयार झालेली ही मोजपट्टी आता जगभर वापरतात. नऊपैकी आठ त्रास कमी झाले. मळमळ तेवढी जागची हलली नाही. धास्ती कमी होईल हा अंदाज होताच, पण थकवा कमी झालेला पाहून खुद्द संशोधकांना आश्चर्य वाटलं. तासभर बसून काम केल्यावर थकलेला माणूस अधिक थकायला हवा. इथे उलटं झालं, आणि काही रुग्णांनी तर अंगात तरतरी आल्याचं आपणहून सांगितलं.

हा अभ्यास फार सांगितला जातो, तेव्हा त्यातली उणीवही सांगायला हवी. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कुणीतरी मायेने तासभर शेजारी बसलं, गप्पा मारल्या, यानेही कदाचित तेवढंच बरं वाटलं असतं. शिवाय तो परिणाम त्या तासाचा. संध्याकाळपर्यंत तो टिकला का, हे त्या आकड्यांतून कळत नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या जेफरसन विद्यापीठाच्या संशोधकांनी 111 कर्करोगी स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे ध्यान आणि चित्रकला यांचा एकत्र कार्यक्रम दिला, दुसऱ्याला वाट पाहायला सांगितलं. पहिल्या गटाचा मानसिक त्रास स्पष्ट कमी झाला. मात्र त्यात ध्यानाचा वाटा किती आणि रंगांचा किती, हे सुटं करता येत नाही. स्वीडनमध्ये उमेओ इथे स्तनाच्या कर्करोगासाठी शेक घेणाऱ्या स्त्रियांना आठवड्यातून एक तास, असे पाच आठवडे चित्रकलेचे मिळाले. आजाराला तोंड देण्याची त्यांची ताकद दुसऱ्या गटापेक्षा वाढलेली दिसली.

इस्रायलमधल्या हैफाचा 2007 चा अभ्यास मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यातला निकाल गुळगुळीत नाही. किमो घेणाऱ्या 60 जणांना आठवड्यातून एकदा जलरंगात रंगवायला बोलावलं. चार किंवा अधिक वेळा आले ते फक्त 19. बाकीचे एक-दोनदा येऊन थांबले. जे येत राहिले त्यांची उदासी कमी झाली. थकव्याचा आकडाही उतरला, पण ती घट योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणण्याइतकी नव्हती. आणि धास्ती मुळातच फार नव्हती, म्हणून ती कमी होण्याचा प्रश्नच आला नाही. साठातले एकेचाळीस का येत राहिले नाहीत? कुणाला अंतर, कुणाला उलट्या, कुणाला ‘हे काय लहान मुलांचं’ असं वाटलं असेल. आपल्याकडे असा वर्ग सुरू करणाऱ्याने चांगल्या निकालाइतकंच या एकेचाळिसांकडे लक्ष द्यावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आणखी एक अभ्यास आहे: पाऊण तास चित्र काढलं की ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी होतं. तो खरा आहे. ड्रेक्सेल विद्यापीठात तो झाला, सुमारे तीन चतुर्थांश लोकांत कॉर्टिसॉल उतरलं. पण ते 39 जण निरोगी होते, कर्करोगाचे रुग्ण नव्हते, आणि हे वाक्य पुढे पाठवताना हमखास गळतं.

थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा आजही हालचालीच्या बाजूने आहे. झेपेल तेवढं चालणं, हलका व्यायाम. चित्रकला त्याची जागा घेत नाही. त्याहून आधी, थकवा वाढला की पहिलं काम डॉक्टरांना सांगण्याचं: हिमोग्लोबिन पाहावं, थायरॉइड पाहावं, औषधांचा मेळ तपासावा. रक्त भरल्याने जो थकवा जाणार आहे त्यावर जलरंग देणं हा रुग्णावर अन्याय आहे.

मग आपल्याकडे याची एवढी गरज का वाटावी? मला त्याचं कारण परळला सापडतं. टाटा रुग्णालयाच्या आवारात एका सकाळी जितक्या भाषा कानावर पडतात तितक्या मुंबईत दुसऱ्या कुठल्या दारात पडत नसतील. बंगाल, बिहार, आसाम, विदर्भ, खानदेश. हातात फाईल, खांद्याला पिशवी, उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा कुणा नातेवाइकाची चाळीतली खोली. समुपदेशन हा बोलण्याचा उपचार आहे आणि बोलायला समान भाषा लागते. मालद्याच्या शेतकऱ्याची धास्ती मोडक्या हिंदीत किती बोलता येणार? दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. तंबाखू, गुटखा, मशेरी यांची ही देणगी. शस्त्रक्रियेत जबडा जातो, जिभेचा तुकडा जातो, स्वरयंत्राच्या कर्करोगात गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवतात. ज्याच्यावर सर्वांत जास्त बेतलं आहे त्याचंच बोलणं गेलेलं असतं. अशा माणसाला ‘मन मोकळं करा’ असं सांगणं क्रूरपणाच आहे. अनेकांना लिहिता येत नाही, येत असेल तर पाटीवर लिहून लिहून ‘पाणी’, ‘दुखतंय’ एवढंच होतं. कागदावर रेघ ओढायला ना मराठी लागते, ना बंगाली, ना जीभ. पाश्चात्त्य संशोधन मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांवर झालं. आपल्याकडे हा उपचार आधी तोंडाच्या कर्करोगाच्या पुरुषांपर्यंत न्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं, आणि नेमके तेच पुरुष ‘चित्रबित्र नको’ म्हणून पाठ फिरवतात हेही ठाऊक आहे. त्यांच्यासाठी सुतारकामाचा तुकडा, तारेची खेळणी, ट्रकच्या पाठीवरच्या नक्षीसारखी अक्षरं असे मार्ग या पुस्तकात सुचवले आहेत.

‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य प्रत्येक उपचारक पहिल्याच भेटीत ऐकतो. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाने, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेडांनी ही भीती आपल्या अंगात मुरवली आहे. गंमत म्हणजे असं म्हणणारी बाई चाळीस वर्षं दारात रांगोळी काढत आलेली असते, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना कुठला तुकडा कुठल्या शेजारी बसेल याचा विचार तिने शंभर वेळा केलेला असतो. तिला ते चित्र वाटत नाही, एवढंच. म्हणून सुरुवात कोऱ्या पांढऱ्या कागदाने करू नये. ठिपके काढून द्यावेत, किंवा जुन्या मासिकांचे तुकडे फाडायला द्यावेत. फाडण्याला कौशल्य लागत नाही, आणि तीन आठवडे सुया टोचून घेतलेल्या माणसाला काहीतरी फाडायला मिळणं पुष्कळदा मानवतं.

साहित्य निवडताना उपचारांचं भान हवं. टर्पेंटाइनचा आणि तैलरंगांचा वास मळमळ वाढवतो, म्हणून वॉर्डात तैलरंग नकोत. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ओली माती, सुकलेली पानं, सगळ्यांनी वापरलेले ब्रश टाळावेत. प्लेटलेट कमी असतील तर कात्री आणि सुई बाजूला ठेवावी. गोधडीचा विषय त्या आठवड्यात तुकडे चिकटवून भागवावा. काही किमोंनी बोटांची टोकं बधिर होतात. बारीक पेन्सिल हातातून निसटते, तिथे जाड खडू किंवा दांड्याला कापड गुंडाळलेला ब्रश द्यावा. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला थंड वस्तूला हात लागताच झिणझिण्या येतात, म्हणून ब्रश धुवायचं पाणी कोमट असावं. ही एक ओळ मला पानभर सिद्धांतापेक्षा मोलाची वाटते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या हाताला सूज येते त्याला उशीचा आधार द्यावा आणि थोड्या थोड्या वेळाने थांबावं. तास म्हटलं तरी वीस मिनिटांत पुरे वाटलं तर तिथेच पुरे.

चित्र पुढे आल्यावर काय बोलावं, यापेक्षा काय बोलू नये हे शिकणं कठीण. ‘वा, किती सुंदर!’ म्हटलं की पुढचं चित्र सुंदर काढण्याची जबाबदारी येऊन पडते. ‘हे काय आहे?’ विचारलं की परीक्षा सुरू होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे चित्रावरून मन वाचणं. काळा रंग म्हणजे निराशा, झाडाला पानं नाहीत म्हणजे जगण्याची आशा सुटली, असली कोष्टकं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्या दिवशी डब्यात फक्त काळा खडूच अखंड उरला असेल, हा विचार कोष्टक करणाऱ्याच्या मनात येत नाही. चित्राबद्दल जे सांगायचं ते काढणाऱ्याने सांगावं; नाही सांगितलं तरी तास वाया जात नाही. याच्या उलट बाजूचा मोहही टाळायला हवा. आंरी मातीसवर 1941 मध्ये आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर खुर्चीला व बिछान्याला खिळून त्याने रंगवलेल्या कागदांची कातरकामं केली, हे प्रसिद्धच आहे. त्यावरून कलेने त्याला तेरा वर्षं जगवलं असं लिहिलं जातं. त्याला जगवलं लिआँच्या शल्यविशारदांनी. ती वर्षं कशी गेली, यात कातरीचा वाटा मोठा होता.

हे काम कुणी करावं? ब्रिटनमध्ये कला-उपचारक ही कायद्याने संरक्षित पदवी आहे. नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य उपचारकांचा उल्लेख आला. पण परिशिष्टातल्या ओळीवरून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात माणूस उभा राहत नाही. तोपर्यंत स्वयंसेवकांनी चालवलेले रंगांचे तास चालू राहतील आणि राहावेत. त्यांना उपचार म्हणू नये, एवढा विवेक पाळावा. विरंगुळाही चांगलाच असतो. रंगवता रंगवता कुणी रडू लागलं, जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर स्वयंसेवकाने ते एकट्याने पेलायचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टर किंवा समाजसेवक यांच्यापर्यंत पोचवायचं असतं. आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या सोबतीच्या माणसालाही एक कागद द्यावा. त्याची झोप कुणी मोजत नाही.

राहिला चित्रांच्या मालकीचा प्रश्न, ज्यावरून प्रत्यक्षात सर्वांत जास्त कुरबुरी होतात. 4 फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणी रुग्णांच्या चित्रांची प्रदर्शनं भरतात, देणगीदार येतात, फोटो निघतात. त्यात वाईट काही नाही. पण चित्र ज्याचं त्याचं, रुग्णालयाचं नाही आणि वर्ग घेणाऱ्याचंही नाही. भिंतीवर लावायच्या आधी विचारावं. दाखल असताना दिलेला होकार बरं होऊन घरी गेल्यावर बदलू शकतो, विशेषतः गावात आजार लपवून ठेवलेला असेल किंवा घरात मुलीचं लग्न ठरत असेल तर. तेव्हा पुन्हा विचारावं. खाली नाव लिहायचं की नाही, आजाराचा उल्लेख करायचा की नाही, हे तिसऱ्यांदा विचारावं. नमुन्याचं संमतिपत्र शेवटच्या प्रकरणात मराठी आणि हिंदीत दिलं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावं, आणि नातेवाइकाने घाईघाईने ‘हो, हो, लावा’ म्हटलं तरी रुग्णाच्या उत्तरासाठी थांबावं.